सांगून केलेली भेसळ

वसुधाताईंनी कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं मला आठवत नाही. समोरच्याने चार शब्द उच्चारले की पुढचे त्या स्वतःच म्हणून टाकायच्या. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचे, आणि खरी अडचण तीच होती. एकदा कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बँकेतल्या कुलकर्ण्यांच्या पत्नी आरती संपल्यावर त्यांच्याकडे आल्या.

"वसुधाताई, आमच्या ह्यांची बदली झाली हो. पु—"

"पुण्याला! वा! नशीब काढलंत. पेढे कधी?"

"पूर्णियाला. बिहारमध्ये."

सगळा हॉल हसला. वसुधाताईही पोट धरून हसल्या. कुलकर्णीबाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हा किस्सा मी पुष्कळ वेळा सांगितला आहे. वसुधाताई गेल्यावर आमच्या संस्थेत शोकसभा झाली, तिथेही मला बोलायला सांगितलं तेव्हा हाच सांगितला. लोक डोळे पुसता पुसता हसले. मी खाली उतरले, रजनीगंधाच्या हारामागचा त्यांचा फोटो पाहिला आणि मला स्वतःची लाज वाटली. कारण ज्या सवयीवर आम्ही सगळे हसत होतो, तिच्यापायी शंपा नावाच्या एका मुलीची डॉक्टरेट गेली होती. त्या सभेत सात-आठ जण बोलले. शंपाचं नाव एकानेही घेतलं नाही. मीही नाही.

वसुधाताई कोलकात्यातल्या एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक होत्या आणि मी तिथेच ग्रंथालयात. माझ्या यजमानांची केंद्र सरकारची नोकरी. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून सॉल्ट लेकला आलो आणि राहून गेलो. वसुधाताई आमच्या आधीपासून इथे होत्या, एकट्या, करुणामयी चौकाच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर. बुटक्या, गोऱ्या, सुती साडीचा पदर खोचून वर पांढरा कोट, पायांत कॅनव्हासचे बूट. इतकी वर्षं या शहरात काढूनही त्यांचं बंगाली 'ठीक आछे' या दोन शब्दांवर चालायचं. भाजीवाला, रिक्षावाला, संस्थेचा शिपाई, पूजेची वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळ्यांना 'ठीक आछे'. मी ग्रंथालयाच्या निमित्ताने बंगाली लिहा-वाचायला शिकले, तर म्हणाल्या, "तू शिकलीस ना, मग मला काय गरज?" बंगाली सहकारी त्यांना बोशुधादी म्हणत. "व गेला, सचा श झाला," त्या म्हणायच्या, "उरलेलं नाव माझंच आहे असं धरून मी वळून बघते."

त्यांचा विषय होता सेमीकंडक्टरचे अतिसूक्ष्म कण. डोळ्यांनी न दिसणारे, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारे. त्यांवर प्रकाश पडला की ते कोणता रंग परत देतात आणि तो का बदलतो, हे त्या आयुष्यभर शोधत राहिल्या. मी साहित्याची विद्यार्थिनी. मला हे पहिल्यांदा कळलं ते प्रयोगशाळेत नव्हे, त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांनी फळीवरचा गव्हाचा मोठा स्टीलचा डबा काढला, रिकामा केला आणि चमच्याने वाजवला. मग साखरेचा. मग मिसळणाच्या डब्यातली मोहरीची वाटी ओट्यावर रिकामी करून तीही वाजवली.

"पत्रा तोच. फरक कशाचा?"

"मापा—"

"मापाचा! भांडं लहान, सूर वरचा. माझ्या कणांचं तेच आहे. पदार्थ तोच ठेवायचा आणि कण लहान लहान करत न्यायचा. मग तो जो प्रकाश देतो त्याचा सूर वर चढतो. प्रकाशाचा खालचा सूर तांबडा आणि वरचा निळा. पटलं?"

पटलं होतं. ओट्यावर मोहरी पसरली होती ती मी गोळा केली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन जांभळ्या दिव्याखाली काचेच्या चार बाटल्या दाखवल्या. एकीत लाल उजेड, दुसरीत नारिंगी, तिसरीत पिवळा, चौथीत हिरवा. चारही बाटल्यांत एकच पदार्थ होता, फक्त कणांचं माप उतरत गेलेलं. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, आपण रांधलेलं दुसऱ्याला आवडलं की येतो तसा आनंद होता.

रंग बदलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे डोपिंग. शुद्ध पदार्थाच्या हजारो अणूंमध्ये एखादा परका अणू मुद्दाम घालायचा. झिंक सल्फाइडमध्ये किंचित मँगनीज घातलं तर कण नारिंगी उजळतो, किंचित तांबं घातलं तर हिरवा. वसुधाताई याला सरळ भेसळ म्हणायच्या. मंडळातच एकदा फोर्ट विल्यममधल्या एका मेजरसाहेबांच्या पत्नीने विचारलं, "डोपिंग म्हणजे खेळाडू करतात तेच का हो?"

"तेच. फक्त ते पकडले जातात."

"आणि तुम्ही?"

"आम्ही किती घातलं ते आधीच छापून टाकतो. दूधवाल्यात आणि माझ्यात फरक तेवढाच. सांगून केली तर ते शास्त्र."

हे वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका कागदावर लिहून प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलं होतं.

वसुधाताईंचं नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे. त्यांनी झिंक सल्फाइडचे कण घेतले, भेसळ न केलेले. मोठे कण अंधुक निळे दिसत. ते लहान करत नेले तसा निळा मावळून स्वच्छ हिरवा आला. लहान भांड्याचा सूर वर चढायला हवा, म्हणजे रंग निळ्यापुढे जायला हवा. इथे तो खाली उतरला होता. कण लहान झाला की त्याचा बराचसा भाग पृष्ठभागच होतो आणि तिथल्या उघड्या पडलेल्या अणूंमुळे हा हिरवा येतो, असं त्यांनी मांडलं. निबंध गाजला. परदेशांतून बोलावणी आली. उतरत्या मापाबरोबर चढत जाणाऱ्या हिरव्याचा तो आलेख संस्थेने मोठा करून, चौकटीत घालून कॉरिडॉरमध्ये लावला. पाहुणे आले की त्यांना तो दाखवत.

शंपा आली ती त्यानंतर. कोलकात्याजवळच्या बारासातची मुलगी, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा. हुशार होती, पण बोलायची फार सावकाश. अर्ध्या वाक्यात थांबायची, हवा तो शब्द सापडेपर्यंत दुसरा घ्यायची नाही. तिला वसुधाताईंच्या हाताखाली यावं लागलं, याला काय म्हणावं! तिच्या प्रबंधाचं काम त्या गाजलेल्या निबंधावरच उभं राहायचं होतं.

एका दुपारी वसुधाताई ग्रंथालयात माझ्या टेबलाशी नियतकालिकं चाळत होत्या. शंपा दोन बाटल्या हातात घेऊन आली. तिच्या सर्वांत लहान कणांना हिरवा रंग आलाच नव्हता.

"मॅडम, मला वाटतं पाण्यात—"

"पाण्यात फार वेळ राहिलं. म्हणून गेला रंग. पुन्हा कर."

"नाही मॅडम, यावेळी पाणी मी—"

"गरम घेतलंस? शंपा, किती वेळा सांगायचं!"

"शेजारच्या लॅबमधून—"

"शेजारच्या लॅबमधली भांडी आणायची नाहीत. त्यांच्याकडे सगळा गोंधळ असतो. जा, नीट धुऊन परत कर."

शंपा उभी राहिली. तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले मला अजून दिसतात. मी तिच्याकडे बघून हसले आणि डोळ्यांनीच खुणावलं, की सोड गं, त्या अशाच आहेत. ती गेली. वसुधाताईंनी पान उलटलं.

पुढे हे वाढत गेलं. शंपाचे निष्कर्ष एकदा हिरवे येत, एकदा येत नसत. विभागातल्या चर्चेत एकदा वसुधाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शंपाचा हात अजून बसलेला नाही." दुष्टपणे नाही म्हणाल्या. एखादी आई मुलीच्या वेड्यावाकड्या पोळ्यांबद्दल बोलेल तशा म्हणाल्या. पण प्रयोग करणाऱ्या मुलीला हे लागतं. त्यानंतर शंपाने सांगण्याचा प्रयत्न सोडला, आणि काही महिन्यांनी काम सोडलं.

संस्था सोडताना ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याची सही लागते. ती सही मीच केली. मी विचारलं, "असं अर्ध्यावर का टाकतेस? बोल ना एकदा त्यांच्याशी."

"दिदी," ती म्हणाली, "त्या मला वाक्य पुरं करू देत नाहीत."

मी हसले. त्यांच्या या सवयीवर सगळेच हसत, तशी सवयीने हसले. शंपा हसली नाही.

वसुधाताईंच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत नवं सामान आलं. जुनं ऊर्ध्वपातनाचं यंत्र, म्हणजे नळाचं पाणी उकळून त्याच्या वाफेचं पुन्हा शुद्ध पाणी करणारं यंत्र, भंगारात द्यायला सोडवून कॉरिडॉरमध्ये ठेवलं होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालय रिकामं होतं. वसुधाताई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या,

"नीला, 'तामार' म्हणजे काय?"

"तांब्याचा, तांब्याची. तामा म्हणजे तांबं."

"आणि 'तोमार'?"

"तुझा. तुझी. का?"

त्या खुर्चीवर बसल्या.

मग सांगू लागल्या. त्या गाजलेल्या निबंधाच्याही आधी, एका वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर यंत्रातली वाफ थंड करणारी काचेची नळी फुटली. नवी मागवायची तर पूजा संपेपर्यंत सगळं बंद. संस्थेचे म्हातारे मिस्त्री हाराधनदा आले, दिवसभर खटपट केली आणि यंत्र चालू करून दिलं. जाताना त्यांनी यंत्रावर हात ठेवून सांगितलं, "दिदी, भेतोरे तामार पाइप दियेछि." आत तांब्याचा पाइप घातला आहे. वसुधाताईंना ऐकू आलं 'तोमार पाइप'. तुझाच पाइप परत बसवलाय.

"मी म्हटलं, ठीक आछे. तो पुढेही काहीतरी सांगत होता गं. मी दोनदा म्हटलं, ठीक आछे, ठीक आछे. तेव्हा गेला."

सोडवलेल्या यंत्रात त्यांनी आत्ताच ते तांब्याचं वेटोळं पाहिलं होतं. त्यावर हिरवट कळंक चढला होता.

मी म्हटलं, "पण तांब्यातलं पाणी तर आपण घरी—"

"पिण्याला चांगलं. माझ्या कणांना नाही." आणि मग त्यांनी मला समजावलं, डबे वाजवून दाखवले होते तसंच, पण या वेळी आवाजात काही नव्हतं. कण जितका लहान, तितका तो स्वच्छ करायला जास्त वेळा धुवावा लागतो. दर धुण्याला त्या पाण्यातलं थोडं तांबं त्याला चिकटतं. म्हणजे सर्वांत लहान कणांत सर्वांत जास्त तांबं. आणि तांबं असलेलं झिंक सल्फाइड हिरवं दिसतं, हे त्या स्वतःच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत.

"मी मापाचा आलेख काढलाच नाही, नीला. धुण्याचा काढला. भेसळ केली आणि सांगितली नाही." मग थोड्या वेळाने, "शंपाने शेजारच्या लॅबमधून पाणी आणलं होतं. भांडी नव्हे. पाणी. ती तेच सांगत होती."

मी त्या दुपारी टेबलाच्या याच बाजूला होते. दोघींचं बोलणं मी ऐकलं होतं, आणि शंपाची अपुरी वाक्यं माझ्याही कानांवर पडली होती. मला विज्ञान कळत नाही, हे खरं आहे. पण माणूस काहीतरी सांगू पाहतो आहे, एवढं कळायला विज्ञान लागत नाही.

वसुधाताईंनी सगळे प्रयोग पुन्हा केले, एकटीने. काचेच्या नव्या यंत्राच्या पाण्यात धुतलेले लहान कण हिरवे झाले नाहीत. त्याच कणांत मोजून किंचित तांबं घातलं, तर कॉरिडॉरमधल्या चौकटीतला तोच हिरवा आला. संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. "मॅडम, जुना निबंध आहे. लोक पुढे गेलेत. कुठेतरी एखादी तळटीप टाकली तरी पुरे." त्या म्हणाल्या, तळटीप नको, पूर्ण दुरुस्ती छापून येईल. आणि त्यावर पहिलं नाव शंपाचं असेल.

"तिला विचारलंत?" मी म्हटलं.

नव्हतं विचारलं. म्हणून आम्ही बारासातला गेलो. बंगाली बोलायला मी हवी, असं त्या म्हणाल्या. शंपाला इंग्रजी येतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शंपा आता मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती. लग्न झालं होतं. पहिल्या मजल्यावरचं छोटं, नीटनेटकं घर. तिने चहा आणि संदेश मिठाई आणून ठेवली आणि समोर बसली. चष्मा बदलला होता, बाकी तीच. वसुधाताईंनी टॅक्सीत घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं. तामार, तोमार, पाइप, धुणं, हिरवा. शेवटी म्हणाल्या, "तू बरोबर होतीस."

"मला माहीत आहे, मॅडम."

"तुझं नाव पहिलं घालणार आहे. आणि तुझी नोंदणी पुन्हा उघडता येते, मी चौकशी केली आहे. प्रबंध तर जवळजवळ झालाच आहे, मी स्वतः धावपळ करीन, वर्षभरात तू—"

"मॅडम, मी बोलू?"

वसुधाताई थांबल्या.

शंपाने तिच्या पद्धतीप्रमाणे वेळ घेतला. रस्त्यावरून एक टोटो रिक्षा घंटी वाजवत गेली, ती पूर्ण जाऊ दिली. "नाव घाला. ते तुम्ही मला देत नाही आहात. ते काम माझंच आहे." पुन्हा थांबली. मी वसुधाताईंच्या गुडघ्यावर हात ठेवून होते. "पदवी आता नको. तेव्हा हवी होती. बाबा होते तेव्हा. आता मला माझी शाळा आवडते."

"मग मी काय करू? तू सांगशील ते—"

"तेच सांगते आहे, मॅडम."

कपातल्या चहावर साय धरली.

"बारावीला सेमीकंडक्टरचा धडा आहे," शंपा म्हणाली. "एक तास येऊन बसा. पूर्ण तास. मध्ये बोलायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

दारात चपला घालताना वसुधाताईंनी मराठीतच विचारलं, "शंपा, मला माफ केलंस का गं?" मी बंगालीत सांगायला तोंड उघडलं, तर शंपाने मला हाताने थांबवलं. तिला समजलं होतं.

"शनिवारी," ती म्हणाली, "टिफिननंतरचा तास."

दुरुस्ती छापून आली. कॉरिडॉरमधली चौकट वसुधाताईंनी स्वतः स्टुलावर चढून काढली. तिच्यामागचा भिंतीचा रंग अजून ताजा आहे. त्यांना ज्याची सर्वांत धास्ती होती, ती नाचक्की मात्र झाली नाही. उलटच झालं. लोक म्हणू लागले, निवृत्तीच्या उंबरठ्यावर स्वतःची चूक जगासमोर मांडणं, काय हा प्रामाणिकपणा! तरुण मुलं त्यांच्या पाया पडायला आली. वसुधाताई चिडायच्या. "प्रामाणिक मला नका म्हणू. चूक मी केली, ती पकडली दुसरीनेच, आणि आरती पुन्हा माझीच?" हेही लोकांना विनयच वाटायचा. शोकसभेत सगळे याच प्रामाणिकपणाबद्दल बोलले. दुरुस्तीवर पहिलं नाव कुणाचं होतं, ते मात्र कुणाला आठवत नव्हतं. चूक पकडल्याचं श्रेयसुद्धा आम्ही शंपाच्या वाट्याला जाऊ दिलं नाही.

त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, पण ते त्या कुणाला सांगत नसत. त्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. सकाळी कामाच्या बाईने मला फोन केला. पुण्याहून भाचा विमानाने आला, दोन दिवसांत सगळं आवरून गेला. त्यानंतर मी शंपाला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मी, या एका वेळी तरी, तिच्या आधी बोलले नाही. "अच्छा," ती शेवटी म्हणाली. "कळवलंत, बरं केलंत, दिदी." शोकसभेला ती आली नाही. मी बोलावलंही नव्हतं. बोलावलं असतं तर तिच्यासमोर मला पूर्णियाचा किस्सा सांगता आला नसता.

वसुधाताईंना डोळ्यांसमोर आणायचं म्हटलं की मला प्रयोगशाळा दिसत नाही. तो शनिवार दिसतो.

टिफिन संपल्याची घंटा झाली तेव्हा आम्ही शाळेच्या जिन्यात होतो. वर्गात पन्नासेक मुली, निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांतल्या. शंपाने आमची ओळख करून दिली नाही. वसुधाताई थेट शेवटच्या बाकाकडे गेल्या. एका मुलीने दप्तर सरकवून जागा केली. मी दाराशी खुर्चीवर बसले. खिडक्यांना जुन्या चादरी लावून शंपाने अंधार केला आणि जांभळा दिवा लावला. तिच्याकडे दोन बाटल्या होत्या. एक निळसर, एक हिरवी. मुली "ओ मा!" करून ओरडल्या.

बंगालीत इंग्रजी मिसळून शिकवताना शंपा पूर्वीसारखीच थांबत होती. इथे ते थांबणं कुणाला खटकत नव्हतं; मुली तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. माप सांगून झालं, परका अणू सांगून झाला. भेसळीला बंगालीत भेजाल म्हणतात, तिनेही तोच शब्द वापरला. मग दिवा मालवून, चादरी बाजूला करून तिने विचारलं, "या दोन बाटल्यांचे रंग वेगळे आहेत. माप वेगळं म्हणून, की आत भेजाल आहे म्हणून? कसं ओळखायचं?"

शेवटच्या बाकावर एक हात वर गेला. पांढऱ्या कोटाशिवाय तो हात मला वेगळाच वाटला, सुरकुतलेला, बांगडी मागे सरकलेला. शंपाने तो पाहिला. तिने पाहिला याबद्दल मला शंका नाही. तिने पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं.

मुलगी चाचरत बोलू लागली. "मिस, दोन्हींचं... म्हणजे आधी दोन्हींचं..."

शंपा थांबली होती. मुलीला शब्द सापडत नव्हता. मी वसुधाताईंकडे पाहिलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं; त्या वर्गात ते दोघींनाच ठाऊक होतं. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताणलेली. पंखा फिरत होता. कुणीतरी मागे हसलं आणि शंपाच्या नजरेने गप्प झालं.

"...माप सारखं करून घ्यायचं," मुलगी म्हणाली. "मग बघायचं, तरी फरक राहतो का. आणि... आणि पाणीसुद्धा दोघांना एकच घ्यायचं."

"बरोबर," शंपा म्हणाली. "बस."

घंटा झाली. मुलींनी वह्या मिटल्या, बाक करकरले, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शंपा डस्टर घेऊन फळा पुसायला वळली. शेवटच्या बाकावरचा हात अजून वरच होता.